डोपिंग म्हणजे फक्त स्टेरॉइड नव्हे
'पेज-भात खाऊन मातीत खेळणाऱ्या आपल्या पोरांचा डोपिंगशी काय संबंध' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. स्टेरॉइड नसतील, पण वजनगटाचं काय? माझा पुतण्या गुहागरला कबड्डी खेळतो. निवड चाचणीआधी दीड किलो जास्त भरला, म्हणून दोन दिवस पाणी तोडलं आणि मे महिन्यात रेनकोट घालून पुळणीवर धावला. त्यात कुणीतरी लघवी जास्त होण्याची गोळी दिली. वजन बसलं, पण तिसऱ्या चढाईला पोटऱ्यांत असे गोळे आले की उचलून आणावं लागलं. ओठ पांढरेफटक, जीभ कोरडी.

ही गोळी वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहे. वजन झटकन उतरतं हे एक, आणि लघवी पातळ झाल्याने चाचणीत दुसरी औषधं लपू शकतात हे दुसरं. ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज शेन वॉर्न २००३ साली अशाच गोळीपायी वर्ल्ड कप सोडून घरी गेला, वर वर्षाची बंदी. आईने दिली होती, हे सांगूनही सुटका झाली नाही. मला मात्र बंदीपेक्षा हृदयाची धास्ती वाटते. या गोळीने पोटॅशियम उतरलं की ठोके बिघडू शकतात, आणि आपल्या दमट उकाड्यात घामाने अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं. गोळी कुणी दिली, ते पुतण्या अजून सांगत नाही.