ऑनलाइन गाण्याचा क्लास आणि 'हे कुणाच्या मालकीचं?' – तुमचेही अनुभव सांगा

तंबोरेवाली, ग्वाल्हेर
काल गुरुपौर्णिमेच्या घरगुती कार्यक्रमाचा व्हिडिओ चढवला. नऊ वर्षांची पोरगी, राग भूप, चार सरळ ताना. चहा गाळेपर्यंत नोटीस हजर: यातलं संगीत अमुक कंपनीच्या मालकीचं. त्यात होतं काय? पोरीचा गळा, माझी पेटी आणि मोबाइलवरचा तंबोरा. दावा तंबोऱ्यावर!

हसू आलं आणि एकदम आमचे गुरुजी आठवले. जनकगंजातली माडी, १९८७ च्या आसपासची गोष्ट. भावाचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून, वर रुमाल टाकून नेला होता. बटण खट्कन वाजलं. गुरुजी गाता गाता थांबले. "ती पिशवी चपलांपाशी ठेवून ये." मग तीच अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, दिवेलागणीपर्यंत घोकून घेतली. निघताना म्हणाले, "आता ने घरी."
तुमच्याकडे काय काय झालंय? लिहा.

मात्रा_१६
तंबोऱ्यावर मालकी! उद्या 'सा'सुद्धा उचलून नेतील.

पेटीमास्तर
ताई, घाबरू नका. तो नुसता क्लेम, म्हणजे मालकीचा दावा आहे; स्ट्राइक, म्हणजे चॅनलला मिळणारी ताकीद नाही. हरकत नोंदवा, 'आवाज विद्यार्थिनीचा, तंबोरा ॲपचा' एवढंच लिहा. माझे तीन सुटले असे.
स्ट्राइक मात्र माझ्याच कर्माने खाल्ले. मुलांनी ऐकावी म्हणून एका बुजुर्ग गवयाची अख्खी रेकॉर्ड चॅनलवर टाकली. वाटलं, चीज (म्हणजे बंदिश) दोनशे वर्षांची, कोण विचारतंय? चीज कुणाचीच नाही हे खरं, पण ती तबकडी कंपनीची. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून ६० वर्षं हक्क असतो. दोन स्ट्राइक लागोपाठ. ९० दिवसांत तिसरा पडला असता तर चॅनल गेलाच होता. आता लिंक पाठवतो, फाइल नाही.

शेवग्याची_शेंग
आमचं दुखणं वेगळंच. व्हिडिओ कॉलचं ॲप तंबोऱ्याला पंखा समजतं आणि गाळून टाकतं. सर म्हणतात सूर सोडलास, मी म्हणते तंबोराच येत नाहीये. दोन महिने भांडलो. शेवटी भाच्याने 'ओरिजिनल साउंड'चं बटण दाखवलं. त्यात सासूबाई मागून "दूध उतू गेलं गं", तेही रेकॉर्ड झालंय, अगदी समेवर.

मात्रा_१६
@शेवग्याची_शेंग दुधाचा कॉपीराइट सासूबाईंचा.

काळा_कोट
सुनावणी लांबलीय, म्हणून लिहिते. जुन्या चिजा स्वरलिपीत छापणारे पं. भातखंडे १९३६ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरा, म्हणजे त्यांची क्रमिक पुस्तकं १९९७ पासून सगळ्यांना मोकळी. कुणी नव्या टिपा जोडल्या असतील तर तेवढ्या टिपा त्याच्या. १९५७ च्या कायद्यात कलम ५२ आहे, शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांना कृती उतरवून घ्यायची मुभा आहे. पण वर्गात उतरवणं वेगळं आणि जगाला दाखवणं वेगळं. सिनेमाची गाणी शिकवणाऱ्यांनी हे नीट वाचा. पुकारा झाला, पळते.

बाड्याजवळचा
भातखंड्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. आजोबा माधव संगीत महाविद्यालयात शिकले, १९१८ मध्ये भातखंड्यांच्याच सल्ल्याने निघालेलं. स्वरलिपीत लिहिलेल्या त्यांच्या वह्या माळ्यावर होत्या. वाळवीने खाल्ल्या. तिला कुठली नोटीस पाठवू?

नुसताच_श्रोता
वहीवर कापूर ठेवायला हवा होता दादा.

कोमल_रिषभ
हसण्यावारी नेऊ नका, माझ्या सरांचं सांगते. त्यांनी स्वतः बांधलेली बिहागमधली बंदिश, क्लासमध्ये मोबाइलवर रेकॉर्ड करू दिली. आपलीच पोरं म्हणून. वर्षाने ती एका परदेशी चॅनलवर दिसली, खाली लिहिलेलं 'पारंपरिक'. चाल, शब्द, सगळं सरांचं. अंतऱ्यातली त्यांची मुद्राही, म्हणजे बंदिशीत गुंफलेलं रचनाकाराचं नाव, काढून टाकलेली, तिथे दुसराच शब्द. मी तणतणले, तक्रार करू म्हटलं. सरांनी व्हिडिओ दोनदा ऐकला आणि म्हणाले, "मुलगी बरी गातेय. मुद्रा तेवढी ठेवायला हवी होती." तक्रार केली नाही. पण त्या दिवसापासून नवी चीज ऑनलाइन देत नाहीत. समोर बसा आणि शिका. मी पुण्यात, समोर कशी बसू?

तंबोरेवाली, ग्वाल्हेर
@कोमल_रिषभ अगं, वाचून गलबलले. मुद्रा खोडणं म्हणजे घरावरची पाटी काढून न्यावी तसं. एक करून बघ. सरांना तारखेसकट वहीत लिहून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायला सांग. नोंदणी सक्तीची नसते, पण हा पुरावा कामी येतो. बरोबर ना, @काळा_कोट?

काळा_कोट
बरोबर. रेकॉर्डमध्ये तारीख आणि नाव बोलून घ्यायचं.

शेवग्याची_शेंग
कुणी तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्लाय का? आत्याने मला लहानपणी मूठभर चावायला लावला होता. आवाज नाही सुधारला, दात आंबले.

मात्रा_१६
पाल्यावर तरी कुणाचा हक्क नाही ना?

बाड्याजवळचा
माळीबुवांचा आहे. हाकलतात.

कोमल_रिषभ
@तंबोरेवाली ताई, डिसेंबरात तानसेन समारोहाला ग्वाल्हेरला येतेय. तुमच्याकडे उतरू का? पिशवीत टेपरेकॉर्डर नसेल, शप्पथ.

तंबोरेवाली, ग्वाल्हेर
ये की. पिशवी चपलांपाशी. आणि हो, आत्ताच मेल आला, तंबोरा सुटला!