विषय: गव्हर्नरची निवडणूक पुन्हा? दोन वर्षांपूर्वीच झाली ना?

प्रेषक: मंदार, हिल्सबरो (ओरेगन राज्य, अमेरिका)
२२ ऑक्टोबर २०१६

नमस्कार मंडळी,
सिटिझन झाल्यावरची पहिली मतपत्रिका पोस्टानं आली. त्यात गव्हर्नरपद (इथलं मुख्यमंत्रिपदच म्हणा) आहे, पण दोनच वर्षांसाठी! मुदत चारची असते ना? आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट हा काय प्रकार? ती जागा कोरी सोडली तर चालेल?

प्रेषक: विद्या, बीव्हर्टन

मंदार,
चालेल, पण सोडू नकोस. आपल्या गव्हर्नर केट ब्राउन त्याच खुर्चीवरून गव्हर्नर झाल्या.

ते पद म्हणजे राज्यातल्या निवडणुका, सरकारी खात्यांचं ऑडिट, कंपन्यांची नोंदणी. एरवी कोणी ढुंकून बघत नाही. पण ओरेगनमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, नाहीच. गव्हर्नर गेला की घटनेप्रमाणे सेक्रेटरी ऑफ स्टेट, मग ट्रेझरर (खजिनदार), मग सिनेटचे अध्यक्ष, मग हाउसचे स्पीकर (सिनेट आणि हाउस ही राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहं).

ब्राउनबाईंच्या आधीचे गव्हर्नर किट्झहाबर जानेवारी २०१५ मध्ये चौथ्यांदा शपथ घेतात काय आणि महिन्याभरात सगळं अंगाशी येतं काय! त्यांच्या होणाऱ्या पत्नीची सल्लागारीची कामं आणि सरकारी धोरण यांची सरमिसळ झाल्याचे आरोप होते. ब्राउनबाई तेव्हा वॉशिंग्टन डी.सी.ला परिषदेत. गव्हर्नरांचा फोन आला: लगेच या, एकट्याच भेटा. बाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं निघून दुपारी हजर, तर हे विचारतात, लवकर का परत आलात? वर म्हणाले, मी राजीनामा देत नाही, आणि पुढे सत्तांतराचंच बोलायला लागले. बाईंनी हे सगळं निवेदन काढून जगजाहीर केलं. १३ फेब्रुवारीला राजीनामा जाहीर झाला, १८ ला राजधानी सेलममध्ये बाईंचा शपथविधी.

अशा वेळी उरलेल्या मुदतीसाठी पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांचा कौल घ्यावा लागतो. म्हणून ही दोन वर्षं.

प्रेषक: शिरीष, पोर्टलंड

विद्या, छान लिहिलंस. आपल्याकडे अशी रांग नाही. २०१० मध्ये आदर्श प्रकरणात मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण पायउतार झाले आणि दिल्लीहून पृथ्वीराजबाबा चव्हाण आले. ते तेव्हा आमदारही नव्हते.

इथली रांग मात्र एकदा भलतीच लांब सरकली. ऑक्टोबर १९४७ मध्ये गव्हर्नर स्नेल, सेक्रेटरी ऑफ स्टेट फॅरेल आणि सिनेटचे अध्यक्ष कॉर्नेट शिकारीला निघाले, तेही एकाच छोट्या विमानातून. विमान पडलं, तिघंही गेले. तेव्हा क्रम वेगळा होता, गव्हर्नरनंतर सिनेटचे अध्यक्ष आणि मग स्पीकर; म्हणून स्पीकर जॉन हॉल गव्हर्नर झाले. (तिघांना एकत्र बसू दिलं कोणी, देव जाणे.)

आणखी एक खोच. ब्राउनबाईंनी आपल्या जागी नेमलेल्या जीन ॲटकिन्स या रांगेत नाहीत. नेमलेल्याला हक्क नाही, निवडून आलेल्यालाच. म्हणून सध्या दुसरा नंबर ट्रेझरर व्हीलरांचा. आणि यंदा सेक्रेटरीपदाला रिपब्लिकन उमेदवार कोण, तर डेनिस रिचर्डसन, २०१४ ला किट्झहाबरांकडून हरलेले! ते आले, गव्हर्नर डेमोक्रॅट आला आणि मध्येच पायउतार झाला, तर निवडणूक होईपर्यंत कारभार दुसऱ्या पक्षाकडे. तेव्हा ती जागा भरताना कंटाळा नको.

प्रेषक: मंदार

विद्याताई, शिरीषकाका, आभार. ८ नोव्हेंबरला पोस्टात टाकली तर चालेल ना?

प्रेषक: विद्या

अजिबात नाही! या २०१६ च्या निवडणुकीत इथे पोस्टाचा शिक्का धरत नाहीत. ८ तारखेला रात्री ८ च्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे. उशीर झाला तर लायब्ररीजवळच्या पेटीत टाक. पाकिटावर सही कर, नाहीतर मत मोजणार नाहीत.

प्रेषक: लिस्ट संयोजक

माहिती उत्तम. उमेदवारांचा प्रचार मात्र इथे नको, आपली संस्था ना-नफा आहे. दिवाळीच्या फराळाची नावं अजून अर्धीही आलेली नाहीत, तो धागा वेगळा आहे.