बदल्यांची ११ वर्षे संपली. आता घरात बोलायचे काय?

परतपावली: मी राष्ट्रीयीकृत बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झालो. लग्नाला २९ वर्षे झाली. त्यांपैकी नोकरीची शेवटची ११ वर्षे मी नांदेड, चंद्रपूर आणि रत्नागिरी येथे एकट्याने काढली, कारण मुलींच्या शिक्षणासाठी पत्नीने पुण्यातच राहावे असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुटीला मी घरी येई, तेव्हा दीड दिवस माझे कोडकौतुक होई. आता रोज घरात आहे, तर सिलिंडर, वीजबिल आणि मुलींचे फोन यांपलीकडे बोलणे जात नाही. भांडण नाही, हेच जास्त खुपते. मध्यंतरी मी हौसेने स्वयंपाकघरातील डब्यांची मांडणी बदलली, तर ती दोन दिवस अबोल होती. जवळीक परत कशी आणावी?

अबोली: माझे यजमान मर्चंट नेव्हीत होते, त्यामुळे ही गोष्ट मला ओट्याच्या बाजूने ठाऊक आहे. ज्या घराचा कारभार वहिनींनी इतकी वर्षे एकहाती चालवला, त्यात तुम्ही तपासणीला आलेल्या साहेबासारखे हात घातलात. डबे पूर्ववत करा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही नव्हता तेव्हाची एखादी रात्र त्यांना विचारा. मुलीचा ताप, गळणारे छत, काहीही. तुम्हाला तेव्हा फोनवर “सगळे ठीक आहे” एवढेच कळलेले असणार. मात्र ऐकताना “मला का नाही सांगितलेस?” असे चुकूनही म्हणू नका. आमच्याकडे अशा एखाद्या रात्रीबद्दल विचारायला यजमानांना दोन वर्षे लागली, आणि त्या दिवशी मी रात्री एकपर्यंत बोलत होते.

चौथी_सीट: एखादी केरळची सहल करून या.

वाचनमात्र: सहलीला माझा विरोध नाही, पण घरी जे दोघे गप्प असतात ते हाउसबोटीतही गप्पच बसतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण करून सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. टिकलेल्या जोडप्यांनी एकमेकांच्या लहानसहान हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, तर विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के वेळा. नवविवाहितांचे आकडे तुमच्या २९ वर्षांना जसेच्या तसे लावू नयेत. तरी “समोरचा सोनचाफा फुलला बघा” असे त्या म्हणतात तेव्हा तुमची नजर बातम्यांवर असते का, एवढे आठवून पाहा.

परतपावली: असते. डबे त्याच दिवशी जागेवर गेले. काल मी २०१९च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला त्या रात्रीबद्दल विचारले. मी तेव्हा चंद्रपूरला होतो. पार्किंगमध्ये पाणी कसे चढत गेले, तळमजल्यावरच्या आजींना दोघींनी धरून वर कसे आणले, हे ती तासभर सांगत होती. अबोलीताईंनी बजावल्यामुळे, मला फोन का केला नाही हे मी विचारले नाही. चहा गाळताना तीच म्हणाली की चार वेळा केला होता, लागला नव्हता.