मारुती ८०० : पिस्टन रिंगांचा गॅप नेमका किती ठेवावा?

रामबागकर (प्रश्न)

माझ्याकडे १९९७ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. ती तेल पिऊ लागल्यामुळे मी इंजिन उतरवून घेतले आणि सांवेर रोडवरच्या एका खरादवाल्याकडून तिन्ही सिलिंडर पाव मिलिमीटर वाढवून घेतले. म्हणजे मूळचा ६८.५ मिमीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आता ६८.७५ मिमी असायला हवा. त्यानंतर त्याच मापाचे पिस्टन आणि रिंगा आणल्या. बसवण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरमध्ये त्याची वरची रिंग ठेवून फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप मोजला, तेव्हा पहिल्यात ०.२०, दुसऱ्यात ०.१९ आणि तिसऱ्यात ०.३६ मिमी भरला.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की रिंगा कारखान्यातूनच तयार होऊन येतात, त्यांना कानस लावायची नसते. गॅप जितका कमी तितके कॉम्प्रेशन चांगले, त्यामुळे फक्त तिसऱ्या सिलिंडरची रिंग बदलून आणावी. मला मात्र ०.१९ हे माप फार कमी वाटते. पहिल्या दोन रिंगा घासाव्यात का, आणि तिसरी खरोखरच टाकाऊ आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पीथमपूरकर

आपली शंका रास्त आहे. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी वरच्या रिंगेचा ढोबळ हिशेब बोअरच्या दर मिलिमीटरमागे ०.००४ मिमी असा धरतात. ६८.७५ मिमीला तो सुमारे ०.२७५ येतो. सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर अर्थातच त्यातले माप प्रमाण मानावे.

हा आकडा कुठून येतो तेही पाहू. आपल्या बोअरचा परीघ सुमारे २१६ मिमी आहे. रिंगेचे बीड (ओतीव लोखंड) तापमानाच्या दर अंशाला लांबीच्या सुमारे ११ दशलक्षांश इतके वाढते. इंजिन दमात असताना रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली, तर तिचा परीघ जवळजवळ ०.२४ मिमीने वाढेल आणि आपला ०.१९ चा गॅप पूर्ण मिटेल. टोके एकमेकांना भिडल्यावर रिंगेला वाढायला जागा उरत नाही. ती भिंतीवर दाबली जाते, बोअर खरवडते आणि वेळप्रसंगी पिस्टनचा काठ तोडते. याउलट गॅप ०.०५ ने जास्त राहिला तर थोडा वायू निसटतो, आणि चालवणाऱ्याला तो बहुधा जाणवतही नाही. कमी गॅपने कॉम्प्रेशन वाढते हे थंड इंजिनापुरते किंचित खरे आहे. पण गाडी थंड इंजिनावर चालवायची नसते.

तिसऱ्या रिंगेला मात्र इतक्यात दोष देऊ नका. बोअर ०.०१ मिमीने बदलला की गॅप त्याच्या ३.१४ पट, म्हणजे ०.०३ मिमीने बदलतो. आपल्या मापांतला फरक ०.१६ आहे, म्हणजे तिसरा सिलिंडर ०.०५ ने मोठा असल्याची शक्यता आहे. पहिली आणि तिसरी रिंग अदलाबदल करून पुन्हा मोजा. फरक रिंगेबरोबर गेला तर रिंग सदोष. सिलिंडरपाशीच राहिला तर बोअर.

छावणीचा जुना गडी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. हाताने काम करताना काय सांभाळावे एवढेच सांगतो, कारण चुका तिथे होतात.

रिंग बोटांनी सिलिंडरमध्ये सरकवून मोजू नका. ती तिरपी बसली तर गॅप खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. पिस्टन उलटा धरून त्याच्या सपाट माथ्याने रिंग अडीच सेंटिमीटर आत ढकला, मग मोजा. नंतर मध्ये आणि तळाशीही मोजा. नुसते होनिंग (दगडाने आतली भिंत घासणे) करून जुनाच बोअर वापरत असाल तर तळाचे माप धरा, कारण तिथली झीज सर्वांत कमी असते.

इंदूरच्या मे महिन्यात आणखी एक गंमत होते. ब्लॉक आत सावलीत आणि रिंगांचा डबा ओट्यावर उन्हात असला, तर वीस अंशांच्या फरकानेच गॅप जवळजवळ ०.०५ ने कमी भरतो. दोन्ही वस्तू रात्रभर एकत्र ठेवून सकाळी मोजाव्यात.

घासताना रिंग शेगड्यात (वाइसमध्ये) आवळू नये, ती वाकते. बारीक सपाट कानस शेगड्यात उभी धरा आणि रिंगेचे एकच टोक तिच्यावर बाहेरून आतल्या दिशेने ओढा. उलट ओढले तर क्रोमचा थर काठाशी उडतो. दुसरे टोक शाबूत ठेवल्याने दोन्ही टोके समांतर आहेत की नाहीत ते कळत राहते. चार-पाच हात मारावेत आणि पुन्हा मोजावे. शेवटी तेलाच्या दगडाने टोकाचा बुरा काढा आणि रिंग कोणत्या सिलिंडरची ते लिहून ठेवा. तेलाच्या रिंगेच्या मधल्या स्प्रिंगला कानस अजिबात लावू नका. तिची टोके एकमेकांवर चढू न देता नुसती टेकवायची असतात.

एका बाबतीत मात्र मला प्रश्न आहे. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळात आम्ही पिस्टनवरच्या दुसऱ्या रिंगेचा गॅप वरच्यापेक्षा कमी ठेवत असू, कारण तिला उष्णता कमी लागते. आजकाल तो जास्त ठेवा असे सांगतात. हे उलटे का झाले?

पीथमपूरकर

काका, आपला तर्क उष्णतेच्या दृष्टीने बरोबर आहे. पण वरच्या रिंगेतून निसटलेला वायू दोन रिंगांच्या मधल्या जागेत अडकला, तर तो वरच्या रिंगेला खालून उचलतो आणि ती खाचेत फडफडू लागते. दुसऱ्या रिंगेचा गॅप थोडा मोठा असला की त्या वायूला खाली वाट मिळते. शिवाय दुसरी रिंग बरेचसे काम तेल खरवडण्याचे करते. म्हणून मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल, तर मी या इंजिनात वरची ०.२८ आणि दुसरी ०.३२ च्या आसपास ठेवीन.

रामबागकर

सांगितल्याप्रमाणे रिंगा रात्रभर ब्लॉकजवळ ठेवून सकाळी अदलाबदल केली. पहिल्याची रिंग तिसऱ्यात ०.३५ भरली आणि तिसऱ्याची पहिल्यात ०.२१. म्हणजे रिंग निर्दोष आहे. नंतर एका परिचितांचा बोअर डायल गेज आणून पाहिले. तिसरा सिलिंडर पहिल्यापेक्षा ०.०५ ने मोठा निघाला. वरची रिंग तिथे ०.३६ वर तशीच बसवली तर चालेल का?

छावणीचा जुना गडी

रिंगेपुरते चालेल, पिस्टनला चालणार नाही. या इंजिनात पिस्टन आणि भिंत यांच्यातली जागा मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांची असते. त्यात आणखी पाच शतांशांची भर पडली, की सकाळी थंड इंजिनात पिस्टनची टकटक ऐकू येईल आणि रिंगा खाचेत डुलून तेलही पुन्हा वर येईल. ज्या तक्रारीसाठी इंजिन उघडले तीच घेऊन आपण सहा महिन्यांत परत याल.

एक विचारतो, राग मानू नका. ब्लॉक खरादवाल्याकडे दिला तेव्हा पिस्टन बरोबर दिले होते का? पिस्टन मोजून मगच बोअर कापायचा असतो, डब्यावरचे माप वाचून नव्हे.

रामबागकर

नव्हते दिले. ब्लॉक आधी गेला आणि पिस्टन नंतर आले. ती चूक माझी. तिसरा सिलिंडर मोठा कापला ती त्यांची. गेजवरचे माप समोर ठेवल्यावर त्यांनी मजुरी न घेता पुन्हा कापून देण्याचे मान्य केले आहे. एकच सिलिंडर वाढवला तर पिस्टनची वजने विषम होतील, म्हणून तिन्ही अर्ध्या मिलिमीटरवर नेतो आहे आणि नवा संच या वेळी ब्लॉकबरोबरच दिला आहे.

पीथमपूरकर

योग्य निर्णय. या ब्लॉकला अर्धा मिलिमीटर ही शेवटची पायरी आहे, त्यापुढे स्लीव्हच (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) टाकावी लागेल. होनिंगनंतर बोअर घासलेटने धुऊन थांबू नका. घासलेट तेल नेते, पण दगडाची पूड खाचांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा, पांढरे फडके फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत. मग ताबडतोब तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज दिसेल.

रामबागकर

ब्लॉक काल परत आला. तीन वेळा धुतल्यावर फडके स्वच्छ निघाले. वरच्या रिंगा अनुक्रमे ०.२२, ०.२३ आणि ०.२२ भरल्या, तिन्ही सावकाश घासून ०.२८ वर आणल्या. दुसऱ्या रिंगा मूळच्याच ०.३३ असल्याने त्यांना हात लावला नाही. सगळे पाहून आमच्या मिस्त्रींनी माझा फिलर गेज मागून नेला आहे, तो अजून परत आलेला नाही.