नॅशनल पार्कचं तिकीट पाचशे करा म्हणणाऱ्यांना

मागाठाणेवाली

परवा इथे एका धाग्यात एकाने लिहिलं की बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं तिकीट सरळ माणशी ५०० करा, रविवारी १००० करा, म्हणजे ज्यांना जंगलाची खरी कदर आहे तेच येतील आणि वेफर्सची पाकिटं टाकणारे आपोआप गळतील. खाली पटापट "सहमत", "शंभर टक्के". दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय.

कदर खिशावरून कधीपासून ठरायला लागली? मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, मुलं मालवणी आणि अप्पापाड्याकडची. त्यांना एकदा पार्कात नेलं होतं. पुलाखाली दहिसर नदीचं पाणी खडकांमधून स्वच्छ वाहत होतं, तळाचे गोटे दिसत होते. एक मुलगी बराच वेळ वाकून बघत बसली आणि म्हणाली, टीचर, माझी मावशी दहिसरला नाल्याला लागून राहते, तो नाला म्हणजे हीच नदी का? मी म्हटलं हो, हीच. तुळशीकडून येते, गेटबाहेर पडली की तिचं आपण काय करतो ते तू रोज बघतेस. त्या पोरीला नदी, जंगल आणि शहर यांचं नातं तिथे उभं राहून जे कळलं ते मी फळ्यावर वर्षभर शिकवूनही कळलं नसतं. आता वर्गातली ४० मुलं गुणिले ५०० करा. २०,००० होतात. कोण भरणार?

आणि हे ताडोबा नाही हो, की आठ-नऊशे किलोमीटर जायचं, रिसॉर्ट, जिप्सी, दोन दिवसांची रजा. बोरिवली स्टेशनला उतरून चालत जाता येतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात त्यांना झाडाखाली पाय पसरून बसायला या बाजूला दुसरी जागा कुठली? आत्ताच चौघांचं कुटुंब आलं की गेटचं तिकीट, कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर आत म्हणून बसचे पैसे, वर लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, जे २०१६ च्या आधी ५ रुपये होतं, मग १५ झालं, २०१८ मध्ये २५. सफारी करायची तर आणखी वेगळे. डोंगर एक आणि खिडक्या किती.

तिकिटाने गर्दी हटते म्हणणाऱ्यांनी राणीच्या बागेत जाऊन यावं. २०१७ मध्ये ५ चे ५० केले, एका फटक्यात दहापट. रविवारी भायखळ्याला जाऊन रांग बघा. गर्दी कमी करायची असेल तर माणसं मोजा. साताऱ्याजवळच्या कास पठारावर मोजतात, फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० ची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, कोटा संपला की संपला, मग तुम्ही मर्सिडीज घेऊन या नाहीतर एसटीने.

बिबट्याचा शेजारी

ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. तुम्ही त्याला गरीब-श्रीमंत रंग दिलात, माझा मुद्दा तो नव्हताच. मी पार्काच्या भिंतीला लागून राहतो. २००४ च्या जूनमध्ये या परिसरात एका महिन्यात दहाच्या आसपास माणसं बिबट्यांनी मारली, आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर पोरांना खाली सोडत नव्हते. नंतर अभ्यासकांनी घसा फोडून सांगितलं की कचरा टाकलात की कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागे बिबटे येतात. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) मोजणीत ४७ बिबटे निघाले, एवढ्याशा जंगलात, तेही चारी बाजूंनी इमारती. तिथे रविवारी हजारो माणसं जेवणाचे डबे, फॉइल, उष्टं सोडून जाणार आणि आपण म्हणायचं बसू द्या हो बिचाऱ्यांना? राष्ट्रीय उद्यान आहे ते, चौपाटी नाही. कायद्याने पहिला हक्क प्राण्यांचा आहे.

भूतान बघा. माणशी दर रात्रीची फी लावतात, कमी माणसं, जास्त पैसा, देश स्वच्छ.

कळवा स्लो

भूतानने २०२२ मध्ये ती फी २०० डॉलर केली आणि पर्यटक येईनात म्हणून २०२३ मध्ये अर्धी केली, १०० वर आणली. आणि ती परदेशी पाहुण्यांसाठी आहे. थिंफूच्या माणसाला स्वतःच्याच टेकडीवर चढायला डॉलर मागत नाहीत. आपण बोरिवलीच्या माणसाकडे मागायचं बोलतोय.

वरळी ते मोहर्ली

वर ताडोबाला उगाच मध्ये ओढलंय म्हणून लिहितो, मी दरवर्षी जातो. तिथले दर चढेच आहेत, शनिवार-रविवारी आणखी चढे, पण त्या पैशाचं काय होतं ते बघा. व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं फाउंडेशन काढायची सोय २००६ च्या कायदा दुरुस्तीने झाली, गेटचा पैसा तिथे राहतो, बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत खर्च होतो. गाइड गावातला, ड्रायव्हर गावातला. दहा वर्षांपूर्वी ज्याचं शेत रानडुक्कर खायचं आणि जो वाघाला शिव्या घालायचा, तोच आज वाघाच्या पंजाचे ठसे दाखवताना हळू बोला म्हणून आपल्याला दटावतो. फुकट किंवा स्वस्त ठेवून हे झालं नसतं. बोरिवलीत पाचशे नको, पण वाढवलं तर एवढा आरडाओरडा कशाला?

मागाठाणेवाली

गाइडचं पटलं, पूर्ण पटलं. पण पैसे देणारा माणूस शिस्तीत वागतो हे साफ खोटं. ३१ डिसेंबर २०२४, नागपूरकडचं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, गोठणगाव गेट. एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या लावून त्यांना कोंडलं. ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. निलंबनं झाली, दंड झाले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्स्यांत वेफर्सवाले नव्हते, हजारो रुपये मोजून आलेले, महागड्या कॅमेऱ्यांचे लोक होते. जास्त पैसे दिले की माणसाला वाटतं वाघ दिसलाच पाहिजे, विकत घेतलाय. तिकीट वाढवून हाच माज आपण बोरिवलीत आणणार.

रोज साडेपाच

चर्चा चांगली आहे पण मूळ प्रश्न रविवारच्या गर्दीचा आहे आणि त्यात आम्हा सकाळी फिरणाऱ्यांना का भरडलं जातं ते कोणी बोलत नाही. आम्ही वर्षाचा पास काढतो, पहाटे येतो, साडेसातला बाहेर. ना कचरा ना गोंगाट. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, एस. व्ही. रोडवर चालू का? पासचे पैसे वाढवताना म्हाताऱ्या माणसांचा विचार करा.

नवापाड्याचा

काका, गोंगाट नाही? मी पार्काच्या आतला आहे, तिथल्या आदिवासी पाड्यावर जन्मलो. पहाटे फोनवर भजनं मोठ्याने लावून कोण चालतं, हास्यक्लबवाले कुठे उभे राहतात, आणि पिशवीतून पार्ले बिस्किटं आणि केळी काढून माकडांना कोण घालतं? रविवारवाला घाण करतो ते दिसतं, झाडलं की जाते. तुमचं पुण्य दिसत नाही. माझी आई कान्हेरीच्या वाटेवर पेरू आणि काकड्या विकते. पेरूला चार चिरा देऊन तिखट-मीठ भरून पानावर देते, प्लास्टिक नाही, काही नाही. सकाळी बिस्किटं खाऊन सोकावलेलं माकड दहा वाजता तिच्या टोपलीवर उडी मारतं, दात दाखवतं, पोरांच्या हातावर झडप घालतं. एका हातात काठी धरून दुसऱ्या हाताने ती पेरू कापते. हे कोणी शिकवलं माकडांना?

रोज साडेपाच

सरसकट आरोप करू नका. मी स्वतः कधी माकडाला खाऊ घातलं नाही. चार लोक करतात म्हणून आम्हा सगळ्यांना पापी ठरवायचं?

बिबट्याचा शेजारी

रविवारवाल्यांबद्दल मीही हेच बोलत होतो, तेव्हा सगळे माझ्यावर तुटून पडले. चारजण घाण करतात पण शिक्षा सगळ्यांना नको, हा नियम फक्त पासवाल्यांसाठी आहे का?

चिकूवाडी

हा मुद्दा बरोबर आहे. वर्षाच्या पासाला दिवसांनी भागून बघा आणि मग वर्षातून एकदा पोरं घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्याच्या तिकिटाशी ताडून बघा. जो रोज जंगल वापरतो त्याला सगळ्यात स्वस्त. वाढवायचंच असेल तर आधी पास वाढवा.

रोज साडेपाच

म्हणजे ज्येष्ठांना घरात कोंडा. तुमचं वय किती? तुमच्याही घरात आईवडील असतील.

चिकूवाडी

आहेत. माझे बाबा समोरच्या बागेत चालतात. वय मध्ये आणू नका, मी पासाबद्दल बोलले, तुमच्याबद्दल नाही. जंगलात अंधार असताना चारशे माणसं टॉर्च घेऊन शिरणं हाच मुळात प्रश्न आहे. पहाट ही बिबट्याची घरी परतायची वेळ. व्याघ्र प्रकल्पात पायी फिरू देतात का? इथेच का देतात, कारण फिरणारे वजनदार आहेत.

नवापाड्याचा

बिबट्याचं आम्हाला सांगू नका, आमच्यात वाघोबाला पुजतात. माझी आजी अंधार पडल्यावर पाण्याला जाताना मोठ्याने बोलत जायची, की आम्ही येतोय, बाजूला हो. त्याच्या वाटेवर आपण आलोय हे माहीत असलेला माणूस आणि घड्याळात पावलं मोजत कानात बोंडं घालून चालणारा माणूस, दोघांत फरक आहे.

रोज साडेपाच

ठीक आहे, कानात घालून चालू नये हे मान्य. माकडांना घालणाऱ्यांना दंड करा, हेही मान्य, मीच पहिला नाव सांगेन. पण पहाटेचा प्रवेश बंद करायची भाषा कोणी केली तर आम्ही गप्प बसणार नाही.

ठाणे साइड

तुम्ही तिकिटावर आणि बिस्किटांवर भांडत बसा. त्याच जंगलाखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा चाललाय, जोडरस्ते धरून ११.८ किलोमीटर, भूमिपूजन जुलै २०२४ लाच झालं. गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे बोगदेही त्याच डोंगराखालून. विहार आणि तुळशी या दोन तलावांचं पाणी या शहराला मिळतं, विहार तर १८६० पासून. त्या पाणलोटाची काळजी असेल तर तिकडे बोला.

कळवा स्लो

बोगद्यावर बोलायला तुमच्या-माझ्यासारखे रोज घोडबंदरला दोन तास अडकणारेही आहेत, त्यांचं पण ऐकावं लागेल. इथे विषय तिकिटाचा आहे, तो राहू द्या.

वरळी ते मोहर्ली

परत मुद्द्यावर. पैसा कुठे जातो हा प्रश्न कोणी विचारत नाहीये. पार्कातली छोटी आगगाडी, वनराणी, मे २०२१ च्या तौक्ते वादळात बंद पडली, त्यानंतर किती वर्षं पोरं नुसते रूळ बघून परत गेली. दरवाढ करताना जर गेटवर फळा लावला, गेल्या वर्षी तिकिटातून एवढे आले, एवढे झाडलोटीला, एवढे पाड्यावरच्या गाइडांना, एवढे वणवा विझवणाऱ्यांना, तर मी दुप्पट तिकीट हसत देईन.

नवापाड्याचा

गाइडांचं काम आधी आमच्या पोरांना द्या. २०२४ ला कारवीची झुडपं फुलली, आठ वर्षांनी फुलतात, बघायला अर्धी मुंबई आली. कुठल्या उताराला दाट आहे, कुठे मधमाशा आहेत, कुठे पाय टाकू नये, ते आमच्या पोरांना न बघता माहीत आहे. आणि पाचशेचं तिकीट झालं तर मंगळवार ते शुक्रवार आईच्या पेरूला गिऱ्हाईक कोण? रविवारी हजार देऊन येणारा कापलेला पेरू घेत नाही, तो घरून डबा आणतो.

बिबट्याचा शेजारी

बरं. पाचशेवरून मी खाली येतो, वाद मिटावा म्हणून नाही, तर या पेरूच्या आणि शाळेच्या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही म्हणून. पण दिवसाची संख्या ठरलीच पाहिजे, रविवारी तर नक्कीच, आणि गेटवर पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतलंच पाहिजे. रविवारचं तिकीट थोडं जास्त हवं यावरूनही मी हलणार नाही.

मागाठाणेवाली

रविवारचं थोडं जास्त मला अजूनही पटत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला सुट्टी रविवारीच मिळते, तो मंगळवारी कसा येणार? संख्येचं मात्र एकदम मान्य, फक्त सगळा कोटा ऑनलाइन नको, निम्मी तिकिटं खिडकीवर ठेवा, माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. महापालिकेच्या शाळांच्या सहली फुकट हव्यात आणि सोबतीला पाड्यावरचा गाइड, त्याचे पैसे तिकिटाच्या जमेतून. एवढं लिहून वनखात्याला अर्ज करतेय, सही करायची असेल त्यांनी सांगा. मॉर्निंग वॉकच्या पासासाठी कृपया वेगळा धागा काढा.

रोज साडेपाच

काढतो. अर्जावर माझी सही घ्या, शाळेच्या सहलीपुरती.