सोसायटी ग्रुप : १,६८,००० किलोमीटर झालेली डिझायर घ्यावी का?

शनिवार

निखिल, ए-५०३
सगळ्यांना नमस्कार. गाडीबद्दल सल्ला हवाय, थोडं मोठं लिहितोय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना एसटीने साताऱ्याला जाणं जमत नाही, आणि आजी तिकडे एकटी असते. महिन्यातून दोनदा जावंच लागतं. शिवाय आठवड्यातून एकदा फिजिओथेरपी. बजेट सगळं धरून साडेतीन लाख, कर्ज काढायचं नाही.

दोन गाड्या बघितल्यात. एक २०१५ ची डिझायर डिझेल, वाकडला, थेट मालकाकडून. फर्स्ट ओनर, रनिंग १,६८,०००, तीन लाख दहा मागतायत. दुसरी २०१६ ची वॅगन आर पेट्रोल, एका डीलरकडे. सेकंड ओनर, रनिंग ४१,०००, तीन चाळीस. घरात सगळे वॅगन आर म्हणतायत. मामा तर म्हणाला, दीड लाखाच्या वर गेली म्हणजे गाडी संपली. मला डिझायर आवडलीय, बाबांना मागे पाय नीट ठेवता येतो. पण तो आकडा बघून धीर होत नाही.

अमोल, ए-६०४
निखिल, जुन्याच्या भानगडीत पडूच नकोस. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. नवी बेसिक गाडी हप्त्यावर घे, वॉरंटी मिळते, डोक्याला ताप नाही.

निखिल, ए-५०३
अमोलदादा, पटतंय, पण हप्ता नकोच आहे. ऑपरेशनसाठी घेतलेले पैसे आत्ता कुठे फेडून झालेत.

मानसी, सी-१०४
निखिल, वॅगन आरचा आकडा बघून भुलण्याआधी माझं ऐक. चार वर्षांपूर्वी मीही आकडा बघूनच गाडी घेतली. मीटरवर ३८,०००. डीलर म्हणाला, एका रिटायर्ड बाईंची आहे, देऊळ आणि भाजी, बाकी कुठे नेलीच नाही. तिसऱ्या महिन्यात खंबाटकी चढताना क्लच गेला. रात्रीचे साडेनऊ, मागे आई आणि माझी लेक, बाजूने ट्रक घासून जातायत. दीड तास तिथे उभ्या होतो.

नंतर मेकॅनिकने क्लचच्या पेडलवरचं नवंकोरं रबर ओढून काढलं. खालचं लोखंड एका बाजूने घासून चकचकीत झालं होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीचं जुनं रेकॉर्ड काढलं, तर मी घ्यायच्या दीड वर्ष आधीच्या सर्व्हिसला ९१,००० ची नोंद. मीटर मागे फिरवलेला. डीलरने त्यानंतर फोन उचलला नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटलं, पण आईचा त्या रात्रीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून सांगते, मीटरवर विश्वास ठेवून गाडी घेऊ नकोस.

साठे काका, बी-२०२
निखिल, उशिरा बघितलं. मी स्वारगेट डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, तेव्हा दोन शब्द सांगतो.

आधी त्या आकड्याला वर्षांनी भाग. साडेदहा वर्षांत १,६८,००० म्हणजे वर्षाला सोळा हजार, दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रोज कामाला जाणाऱ्या माणसाचं हे साधं रनिंग आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही. आता वॅगन आर बघ. दिवसाला जेमतेम बारा किलोमीटर. अशाही गाड्या असतात, पण मग तसा पुरावा समोर ठेवायला हवा.

दुसरं, हे किलोमीटर पडले कुठे? हायवेला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एका लयीत चाललेलं लाख किलोमीटर इंजिनला सोपं जातं. सिंहगड रोडला रोज संध्याकाळी क्लचवर पाय ठेवून काढलेलं पन्नास हजार क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स सगळं खातं. मालकाला सरळ विचार, काम काय करता, गाडी कुठे जायची. उत्तर लगेच आलं पाहिजे.

तिसरं इंजिन. डिझायरमधलं १.३ लिटरचं डिझेल मूळ फियाटचं, १,२४८ सीसी. हेच स्विफ्टला, रिट्झला, टाटाच्या व्हिस्टाला होतं. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी पार्ट मिळतात आणि कुठल्याही गॅरेजवाल्याचा हात त्यावर बसलेला आहे. त्यात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला, बेल्ट नाही, चेन आहे. पण चेन आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. ऑइल वेळेवर बदललं नाही की चेन सैल पडते, सकाळी सुरू करताना खडखडते, आणि दात सुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून अख्खं इंजिन उघडावं लागतं. त्यामुळे मला गाडीचा रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम काही नको. मला ऑइलच्या तारखा दाखव. दर दहा हजारांना सर्व्हिस म्हणजे सोळा नोंदी पाहिजेत. चौदा असल्या तरी चालतील. मध्येच चाळीस हजारांचा खड्डा असेल तर गाडी सोडून दे.

उद्या बघायला जाणार असशील तर मी येतो. मालकाला निरोप दे, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करू नका. इंजिन गार असतानाच सुरू करून बघायचंय, गरम इंजिन खोड्या लपवतं.

रेवती, ए-२०३
काका, मी फक्त हिशोबाचं बोलते. साताऱ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे साधारण ४६० किलोमीटर, गावातलं दोनशे धरू. वर्षाला आठ हजार. डिझायरला वीसचा ॲव्हरेज धरला तर ४०० लिटर, डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे ३६,०००. वॅगन आरला सतराचा धरला, पेट्रोल १०४, तर ४९,०००. फरक वर्षाला तेरा हजार. डिझेलचा एक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) नवा टाकावा लागला तर ती बचत तिथेच गेली. तेव्हा निखिल, डिझेल स्वस्त पडतं म्हणून ही गाडी घेऊ नकोस. ठेवलेली चांगली असेल तरच घे.

साठे काका, बी-२०२
रेवती, अगदी बरोबर. आणि अजून एक. डिझेल गाडी नुसती दोन-तीन किलोमीटरवर भाजी आणायला फिरवली की ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी धरते. निखिलला महिन्यातून दोनदा हायवे आहे म्हणून ठीक. नाहीतर मीच नको म्हणालो असतो.

पाटील सर, सी-३०२
निखिल, कागदांचं मी सांगतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, कितवा ओनर, इन्शुरन्स आणि बँकेचा बोजा आज रात्रीच बघून घ्या. ई-चलनं थकलेली असली तर ती मालकाने भरायची. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी (हरकत नसल्याचा दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कर्ज कधीच फिटलंय असं मालक म्हणतात आणि ते खरंही असतं, पण आरसीवरून (गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावरून) बोजा उतरवायचा राहिलेला असतो.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर. कोरे फॉर्म सही करून ठेवा, नाव नंतर चढवू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नावावर करणं लांबवण्यात मालकाचंही नुकसान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. हे सांगितलंत की माणूस स्वतः आरटीओत येतो.

इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणजे प्रीमियम थोडा वाढेल, तो बजेटमध्ये धरा. एप्रिल २०१९ आधीची गाडी आहे, एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलीय का बघा, त्याशिवाय आरटीओचं काम अडेल. त्यांचा फास्टॅग त्यांना बंद करायला लावा.

आणि मोठी गोष्ट ही की आरसी जून २०३० ला संपेल. त्यानंतर फिटनेस करून पाच वर्षं वाढवता येते, पण कारच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५,००० झालीय, पर्यावरण कर वेगळा. तेव्हा किंमत ठरवताना साडेचार वर्षांची गाडी घेतोय असं समजा.

निखिल, ए-५०३
सर, ॲपवर बघितलं. फर्स्ट ओनर बरोबर आहे, चलन नाही, पण बोजा दिसतोय. मालक म्हणतात कर्ज २०२० लाच संपलंय.

पाटील सर, सी-३०२
खरं असेल. एनओसी मागा.

रविवार

निखिल, ए-५०३
आत्ताच आलो. काकांनी गाडीकडे न बघता आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम होतं. मालक म्हणाले, धुवायला बाहेर काढली होती. काका काही बोलले नाहीत, चहा घेतला, मालकांशी कोल्हापूरच्या गप्पा मारल्या आणि म्हणाले, उद्या साडेसहाला येतो, तोवर किल्ली फिरवू नका.

मालक औषध कंपनीत एमआर होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सगळं हायवेचं रनिंग. सर्व्हिसची फाइल दिलीय. पंधरा नोंदी आहेत, किलोमीटर प्रत्येक वेळी चढत गेलेत. कोविडच्या वर्षात एक सर्व्हिस नाही.

मानसी, सी-१०४
फाइल आणि सर्व्हिस सेंटरचं रेकॉर्ड दोन्ही ताडून बघ. फाइल घरीही बनवता येते.

निखिल, ए-५०३
हो ताई, मालकांनी त्यांच्या फोनवर कंपनीचं ॲप उघडून दाखवलं. जुळतंय. वॅगन आरच्या डीलरला तेच विचारलं तर म्हणाला, आधीचा मालक बाहेर सर्व्हिस करायचा, रेकॉर्ड नाही. आधीच्या मालकाचा नंबर मागितला, तोही नाही.

साठे काका, बी-२०२
ती गाडी वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण जिच्याबद्दल काहीच कळत नाही तिला डिझायरपेक्षा तीस हजार जास्त का द्यायचे?

सोमवार

साठे काका, बी-२०२
सगळे विचारत होते म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी बॉनेट गार. किल्ली फिरवली, अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. थोडा पांढुरका धूर आला, पाच-सात सेकंदांत विरला. निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाहीये. चेनचा आवाज नाही. मग ऑइल टाकायचं झाकण उघडलं आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असल्या की खालून दाब येतो आणि झाकण ताटलीसारखं नाचतं. हे हललं, पण नाचलं नाही. एवढं चाललेल्या डिझेलला इतकं चालायचंच. कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग नाही.

बॉनेट आणि पुढच्या पत्र्यांचे बोल्ट बघितले, रंग तुटलेला नाही, पाना लागलेला नाही. दारांची रबरं ओढून खालचे वेल्डचे ठिपके बघितले, कंपनीचे आहेत. मागचा डावा दरवाजा रंगवलाय, बाकी गाडी ठोकलेली नाही. क्लचचं पेडल बरंच झिजलंय, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलीय, स्टिअरिंग वरच्या बाजूला गुळगुळीत. मला हे बघून बरं वाटलं. १,६८,००० झालेली गाडी अशीच दिसली पाहिजे.

आता वाईट. स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे टकटक आहे, लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडणीतली रबरं) गेलेत. मागच्या टायरवर १११९ लिहिलंय, म्हणजे २०१९ च्या अकराव्या आठवड्याचे. नक्षी शिल्लक आहे, पण रबराला बारीक चिरा आहेत, ते बदलायचेच. बाबांना घेऊन घाट उतरायचाय. क्लच जरा वर सुटतोय, चढावर घसरत नाही, पण वर्षभरात करावा लागेल. एसी बरा आहे.

अमोल, ए-६०४
काका, म्हणजे घ्यावी असं तुमचं मत?

साठे काका, बी-२०२
तीन दहाला नाही. क्लच, टायर, बुश, ऑइल, सगळे फिल्टर, बॅटरीही जुनी आहे. पन्नास हजार बाजूला काढूनच ही गाडी घ्यायची. ते मालकासमोर कागदावर लिहून दाखवले. माणूस सरळ आहे, रागावला नाही.

बुधवार

निखिल, ए-५०३
काल संध्याकाळी २,७२,००० ला ठरली. टोकन दहा हजार दिलं, पावतीवर गाडीचा नंबर आणि चासी नंबर लिहून घेतला. बँकेची एनओसी यायला आठवडा लागेल असं मालक म्हणाले, बाकीचे पैसे आरटीओत सह्या झाल्यावर. बाबांना रात्री मागच्या सीटवर बसवून एक चक्कर मारली. चौकापर्यंत काही बोलले नाहीत, मग आजीला फोन लावा म्हणाले.

मानसीताई, रेवतीताई, पाटील सर, तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात. काका, तुम्ही दोन दिवस पहाटे उठलात माझ्यासाठी.

सेक्रेटरी, बी-५०१
अभिनंदन निखिल. नावावर झाल्याची पावती ऑफिसात दिलीस की स्टिकर मिळेल. तुमच्या पार्किंगमध्ये ठेवलेल्या सायकली तेवढ्या आधी हलव.

साठे काका, बी-२०२
ताब्यात आली की आधी ऑइल बदलायचं, साताऱ्याला नंतर. गॅरेजला जाताना मला हाक मार. जुनं ऑइल काढतील तेव्हा ते बोटावर घेऊन मला बघायचंय, धातूची चकाकी आहे का.