निवृत्त फौजीने परक्या सैन्याची नोकरी धरावी का?

दर्यावर्दी
कतारमध्ये अडकलेले आपले आठ माजी नौसैनिक आठवत असतील. ऑगस्ट २०२२मध्ये अटक, ऑक्टोबर २०२३मध्ये फाशीची शिक्षा, डिसेंबरात ती घटवून कैद आणि १२ फेब्रुवारी २०२४ला सुटकेची बातमी. तोवर सात जण मायदेशी पोचलेही होते. आरोप काय होते हे कतारने जाहीर केलं नाही, त्यामुळे ते दोषी की निर्दोष यात मी पडत नाही. प्रश्न त्याआधीचा आहे. ही मंडळी दहरा ग्लोबल नावाच्या खासगी कंपनीत होती. मालक ओमानच्या हवाई दलातला निवृत्त अधिकारी, काम कतारच्या सैन्याला प्रशिक्षण देण्याचं. पगार कंपनीचा, गिऱ्हाईक परकं सैन्य.

आपल्याकडे निवृत्त अधिकाऱ्याला खासगी नोकरीसाठी पहिलं एक वर्ष परवानगी लागते. पुढे त्याचं तो बघतो. अमेरिकेत सैन्याची पेन्शन घेणाऱ्याला परदेशी सरकारकडे नोकरी करायची असेल, तर आपल्या दलाची आणि परराष्ट्र खात्याची, दोघांची संमती लागते. तीही पहिल्या वर्षापुरती नव्हे, जन्मभर. आपणही तेच करावं.

तोफखाना_५४
अमेरिकेचं उदाहरण देताय तर पुरतं द्या. वॉशिंग्टन पोस्टने कोर्टात जाऊन कागद मिळवले, ते २०२२मध्ये छापले. २०१५पासून पाचशेहून जास्त निवृत्त फौजींनी परदेशी सरकारांची कामं धरली होती, बरीचशी आखातात. आलेल्या अर्जांपैकी जवळजवळ सगळे मंजूर! अमेरिकी सैन्यातले निवृत्त जनरल फ्लिन यांनी २०१५मध्ये मॉस्कोत रशियन सरकारी वाहिनीच्या कार्यक्रमात भाषणाचे सुमारे ४५ हजार डॉलर घेतले, तेव्हा कुठे होता हा नियम? मोडला तर पेन्शन कापतात, तुरुंग नाही. मोठ्यांना शिक्का मिळतो, लहानांना हेलपाटे.

आणि लेफ्टनंट कर्नल ५४व्या वर्षी घरी येतो. मुलांची शिक्षणं चालू, घराचे हप्ते चालू. पेन्शन ही केलेल्या चाकरीची आहे, पुढे गप्प बसण्याची बिदागी नव्हे. गुपितं फोडली तर १९२३चा शासकीय गुपिते कायदा आहेच की, तो निवृत्तांनाही लागतो.

दर्यावर्दी
तो कायदा गुपित फुटल्यावर उपयोगाचा. पाणबुडीवर वीस वर्षं काढलेला माणूस शिकवताना एकही कागद दाखवत नाही, पण काय टाळायचं ते सांगतो. ते गुपित कुठल्या कलमात बसवाल?

हवालदाराची_लेक
दोघेही अधिकाऱ्यांबद्दलच बोलताय. आमचे अण्णा ३९व्या वर्षी हवालदार म्हणून सुटले. साताऱ्याकडे आमच्या आळीत दर दुसऱ्या घरात फौजी, नोकरी म्हणाल तर एटीएमबाहेरची खुर्ची. अण्णा कुवेतला गेले, तेलाच्या टाक्यांवर पहारा. कंपनी तिथल्या सरकारची. तुमच्या नियमाने त्यांनी दिल्लीला अर्ज करायचा का? साधं पेन्शनच्या कागदावरचं नाव दुरुस्त करायला आम्हाला चौदा महिने लागले होते.

मुलकी_म्हातारा
मी सैन्यातला नाही, पण फायली पाहिल्यात. आमच्या केंद्रीय मुलकी सेवेच्या १९७२च्या निवृत्तिवेतन नियमांत गट ‘अ’ अधिकाऱ्याला भारताबाहेरच्या सरकारची नोकरी धरण्याआधी परवानगी लागायची, आणि त्या सरकारच्या देखरेखीखालच्या संस्था, महामंडळंही त्यात धरली होती. म्हणजे कल्पना नवी नाही. फट आहे ती पूर्ण खासगी ठेकेदाराची. तिथे मालक बघून भागत नाही, काम बघावं लागतं.

ऑस्ट्रेलियाने तेच केलं. चीन पाश्चात्त्य वैमानिकांना मोठ्या रकमा देऊन शिकवायला नेतोय हे २०२२मध्ये उघड झालं. ब्रिटनचेच तीसएक गेले होते. मग ऑस्ट्रेलियाने २०२४मध्ये कायदा केला. परक्या सैन्यासाठी काम करायचं किंवा त्याला प्रशिक्षण द्यायचं, तर परवाना. नाहीतर वीस वर्षांपर्यंत कैद. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, न्यूझीलंड यांना सूट.

तोफखाना_५४
म्हणजे मित्रांची यादी करायची. आपली कोण करणार? ओमान मित्र, कतार परवापर्यंत मित्रच होता. यादी बदलली की तिथे नोकरी करणाऱ्याने बिस्तरा गुंडाळायचा?

दर्यावर्दी
हवालदाराच्या लेकीचं म्हणणं मान्य. पहाऱ्याच्या नोकरीला अर्ज नको, मी अधिकाऱ्यांच्या चष्म्यातून बघत होतो. पण पाणबुडी, रडार, क्षेपणास्त्रं, सांकेतिक लिपी या शाखांना जन्मभर परवानगी हवीच. आणि अर्जाला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं.

तोफखाना_५४
तीस दिवसांत! कुठल्या सरकारात नोकरी केलीत तुम्ही?

हवालदाराची_लेक
अण्णांना वाचून दाखवलं. विचारतायत, टाकीवर रडार होतं, ते पण धरायचं का?